हिरव्या खोलीतली सही

"आली! सही आली!"

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि अख्खं अंगण उसळलं. बायकांनी जिभा घोळवत असा काही कल्लोळ केला, की भिंतीवरची कबुतरं उडून थेट मशिदीच्या मनोऱ्यावर जाऊन बसली. हिरव्या खोलीच्या दारात सी अम्मार उभे होते. डोक्यावर लाल टोपी, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हातांत एकेक काचेची बरणी. दोन्हींत कोंबडीचं निवळ सूप, कोऱ्या चहासारखं सोनेरी. पण उजव्या बरणीच्या झाकणावर जी फिकट पिवळी फीत काल संध्याकाळी सगळ्यांनी कोरी पाहिली होती, तिच्यावर आता काळ्या तिरप्या रेघा उमटल्या होत्या. पट्टी लावून ओढाव्यात तशा.

"मी कोण?" सी अम्मार म्हणाले. बोलायला लागले की ते आधी स्वतःलाच विचारत. "मी झाडू! झाडूला काय कळतं? हात वलींचा. मी तर दार लावून झोपलो, चक्क घोरलो. विचारा आमच्या मंडळींना! वली आले, बरणी पाहिली, सही करून गेले. नगरपालिकेतला साहेब एका सहीसाठी दहा हेलपाटे घालायला लावतो. वलींना शिक्का लागत नाही, अर्ज लागत नाही, साहेब जेवायला गेलेत असं कोणी सांगत नाही!"

लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. माझी आईही त्यांच्यातच होती. तिला धक्काबुक्कीत जपायला म्हणून मी आले होते.

आमचं गाव महदिया शहराच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर. अर्धं गाव समुद्रावर जगतं, अर्धं जैतुनावर. सी अम्मार आमच्यात आले तेव्हा ते टीव्हीचे अँटेना दुरुस्त करत. मग एक दिवस त्यांना स्वप्न पडलं, आणि अँटेना दुरुस्त करायचं सोडून ते स्वतःच अँटेना झाले. वलींचे, म्हणजे आमच्या संतांचे, संदेश थेट त्यांच्याकडे येऊ लागले.

त्यांची पद्धत साधी होती. घरात आजार, भांडण, समुद्रावर तोटा, काहीही असो. तुम्ही घरून एक स्वच्छ धुतलेली बरणी आणायची. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर एकाच पातेल्यातलं सूप तुमच्या बरणीत आणि वलींच्या बरणीत ओतलं जाई. दोन्ही बरण्या हिरव्या खोलीत. रविवारी सकाळी त्या बाहेर यायच्या, वलींच्या बरणीवर सही घेऊन. मग दोन्ही तुमच्या घरच्या फळीवर. तुमची बरणी वलींच्या बरणीसारखीच निवळ राहिली तर घर शुद्ध. नासली तर घरात कोणाची तरी काळी सावली आहे.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे शहिली वारा सुटतो. वाळवंटाची भट्टी उघडी टाकल्यासारखा. त्यात मासा टोपलीत चढेपर्यंत वास मारायला लागतो, तिथे सुपाची काय कथा! पण गंमत म्हणजे सगळ्यांच्याच बरण्या नासत नसत. बोटमालक बेन सासींची नासली नाही. नगरपालिकेतल्या कारकुनाची नासली नाही. त्यामुळे लोक म्हणत, बघा, परीक्षा खरी आहे, कोणी पास होतो, कोणी नापास.

मी शाळेत निसर्गविज्ञान शिकवते. शिक्षकांच्या खोलीत, दुकानात, हमामात, जिथे विषय निघेल तिथे मी म्हणायची, "यात काहीतरी औषध घालत असणार. लिंबू, मीठ, नाहीतर शेवाळ मारायची पूड." मग कोणी विचारायचं, "आणि सही, वसीला बाई?" तिथे माझं तोंड बंद व्हायचं. सहीचं मला खरंच काही कळत नव्हतं.

शिवाय सगळ्यांकडे एक हुकमी उत्तर असे. "शुक्री तिथे सेवा करतो. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस! त्याला कळत नाही आणि तुला कळतं?"

शुक्री म्हणजे माझ्या वहिनीचा, उल्फाचा, थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, शिकवलं, आमच्या रिधाला दिलं. उन्हाळ्यात वर्षाची टोमॅटोची बेगमी भरायची वेळ आली की तो स्वतः येऊन आम्हाला बरण्या कुकरमध्ये घालून शुद्ध करायला शिकवायचा. उल्फा कौतुकाने म्हणायची, "माझ्या भावाच्या हाताखालून गेलेली बरणी दोन वर्षं हलत नाही." हॉस्पिटलातून सुटला की शनिवार-रविवारी तो हिरव्या खोलीच्या दाराशी उभा राहून बरण्या घ्यायचा, द्यायचा. लोक त्याच्या खांद्याचं चुंबन घ्यायचे.

उल्फाचे दोन गर्भ राहिले नाहीत. दुसरा तर पाचव्या महिन्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की गर्भाशयाचं तोंड सैल आहे, पुढच्या वेळी टाका घालू, मूल राहील. पण आईच्या मनाला टाका कोण घालणार? ती बरणी घेऊन गेली.

बरणी धुतली उल्फाने. हौसेनं धुतली, फडक्याने पुसून चमकवली. आणि अंगणात ती आईच्या हातून घेतली शुक्रीने. मी तिथेच होते. त्याने बरणी घेतली, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, "लल्ला सालहा, कडेनं उभ्या राहा, धक्का लागेल."

चौथ्या दिवशी आमची बरणी गढूळ झाली. झाकण फुगलं, फट् करून सुटलं आणि स्वयंपाकघरात असा वास पसरला की मांजरदेखील बाहेर गेलं. शेजारी वलींची बरणी निवळच्या निवळ, तिचं झाकण मधोमध आत ओढलेलं.

आईने पुढच्या रविवारी दोन्ही बरण्या अंगणात नेल्या.

"ही कोणी धुतली?" सी अम्मारांनी विचारलं.

"सुनेनं."

"मग मी काही बोलत नाही."

"बोला ना, सीदी!"

"नको. एखाद्या बाईचा संसार मोडेल असं माझ्या तोंडून का वदवता? मी झाडू." आणि त्यांनी डोळे मिटले. न बोलता जेवढं बोलता येतं तेवढं सगळं ते बोलले होते. शुक्री त्यांच्या मागे उभा होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

घरी आल्यावर मी खूप आरडाओरडा केला. आई रडत राहिली आणि रिधा खिडकीशी उभा राहिला. माझा भाऊ वाईट नाही. पण वारा असेल तिकडे शीड फिरवायचं हे तो बोटीवर शिकला आणि घरातही तेच करत आला.

"थोडे दिवस शुक्रीकडे जा," तो उल्फाला म्हणाला. "आईचं मन शांत होऊ दे."

"आणि तुझं मन?" उल्फाने विचारलं.

"माझं काय... माझं काही नाही."

"तेच म्हणते मी. तुझं काहीच नाही." तिने पिशवी भरली आणि गेली.

शुक्रीने तिला कुशीत घेतलं. स्वतः मासे तळले, तिला आवडतो तसा कांदा चिरला. "रडू नको," म्हणाला. "लोकांचं डोकं आहे, आज तापतं, उद्या थंड होतं. मी आहे ना." तिला वाटलं, जगात एक तरी माणूस आपलं आहे. हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज इतका कोरडा होता की मला पाणी प्यावंसं वाटलं.

काही दिवसांनी ती भावाच्या सदऱ्याचं बटण लावायला बसली. तो कामावर गेला होता. कात्री शोधायला तिने त्याच्या टेबलाचा खण उघडला. आत एक गुंडाळी होती. फिकट पिवळी फीत. तिला आधी वाटलं, सी अम्मारांनी प्रसाद म्हणून दिली असेल. मग तिने ती खिडकीपाशी उजेडात धरली. फितीवर रेघा होत्या. राखेसारख्या, अगदी फिकट, तिरप्या, एकीशेजारी एक. हातभर अंतरावरून कोऱ्याच वाटाव्यात अशा.

आमच्या घरच्या फळीवर वलींची ती बरणी उल्फाने दिवसरात्र पाहिली होती. त्या रेघांमधलं अंतर तिला पाठ होतं.

चुलीवर लबलाबीसाठी हरभरे शिजायला ठेवायचे होतेच. तिने फितीचा एक तुकडा तोडला, काचेच्या छोट्या बाटलीला चिकटवला आणि बाटली कुकरमध्ये हरभऱ्यांच्या वर, टोपल्यात ठेवली. झाकण लावलं. वरची भिंगरी फिरू लागली, फुसफुसू लागली. ती समोर बसून राहिली. कुकर आपोआप निवल्यावर तिने झाकण उघडलं.

वलींनी सही केली होती.

तिने मला फोन केला. मी शाळेतून तशीच गेले. ती बाटली ओट्यावर होती आणि उल्फा तिच्याकडे बघत भिंतीला टेकून उभी होती. मी फीत पाहिली आणि लख्ख सगळं कळलं. हॉस्पिटलात कात्र्या, काचसामान वाफेच्या मोठ्या भांड्यात शुद्ध करतात, तेव्हा त्या गाठोड्यांना अशी फीत लावतात. जोराची वाफ लागली की तिच्यातल्या रेघा काळ्या पडतात, म्हणजे काम करणाऱ्याला कळतं की हे गाठोडं वाफेतून निघालंय. इतकंच. तिला ना अल्लाहशी देणंघेणं, ना वलीशी.

शुक्री घरी आला तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. त्याने बाटली पाहिली आणि पिशवी दारातच ठेवली.

"तू करत होतास?" उल्फाने विचारलं.

"उल्फा, ऐक आधी..."

"करत होतास का?"

"हो. त्यांच्या मागच्या स्वयंपाकघरात कुकर आहे." तो खुर्चीत बसला. "सुरुवात अशी नव्हती गं. त्यांच्या बायकोला टोमॅटोच्या बरण्या कशा करायच्या ते शिकवलं. फीत लावून दाखवली. सी अम्मारांनी ती बघितली आणि... तुला नाही कळायचं. हॉस्पिटलात दिवसभर मी लोकांची लघवी तपासतो. कोणी माझं नाव विचारत नाही. तिथे माणसं खांद्याचं चुंबन घेतात."

"बेन सासींची बरणी का नासली नाही?"

"तीही कुकरमध्ये घातली. ज्यांना पास करायचं असतं त्यांची घालतो."

उल्फाने ओट्यावरची बाटली उचलून हातात धरली. मग तिने विचारलं, "माझ्या बरणीला जागा नव्हती का रे? एक बरणी. एका बरणीपुरती जागा नव्हती त्या कुकरमध्ये?"

शुक्रीने माझ्याकडे पाहिलं. "सी अम्मार म्हणाले, शाळेतल्या बाईंचं तोंड फार सुटलंय. त्या घराची बरणी नासायलाच हवी."

"आणि तू नासू दिलीस."

"मला वाटलं, फार तर लल्ला सालहा चार शब्द बोलतील. तुला घराबाहेर काढतील असं मला..."

"काढल्यावर कळलं ना? तेव्हा मासे तळलेस. तेव्हा का नाही बोललास?"

 शेवटी तो रडायला लागला आणि म्हणाला, येत्या रविवारी मी अंगणात येतो, सगळ्यांसमोर सांगतो. आईची शपथ घेतली. मेलेल्या आईची. उल्फाने ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी ती आपल्या मुफीदा मावशीकडे राहायला गेली.

रविवारी मी आमचा कुकर, गॅसची छोटी शेगडी आणि हाडांच्या सुपाचं पातेलं घेऊन अंगणात गेले. माझ्यासोबत उल्फा होती. चहाच्या दुकानाचे मालक हाज मबरूक यांना मी आधीच बोलावलं होतं. ते नमाज चुकवत नाहीत आणि हिशेबात सूटही देत नाहीत, त्यामुळे गाव त्यांना मानतं. शुक्री आला नव्हता. उल्फा दाराकडे बघत होती. मी म्हटलं, "थांबूया का?" ती म्हणाली, "नको. आला असता तर आत्तापर्यंत आला असता."

तिला पाहून बायका मागे सरकल्या. माझी आई ओढणी तोंडावर धरून कोपऱ्यात उभी राहिली.

"सी अम्मार," मी मोठ्याने म्हटलं, "ही नासक्या हाताची बाई. हिच्या हातानं ही बरणी भरायची. आणि तुमच्या पवित्र हातानं ही दुसरी. एकाच पातेल्यातलं सूप. मग दोन्ही बरण्या हाज मबरूकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात, कुलपात. गावाने रोज बघायच्या."

"बरकत उघड्यावर येत नाही, बाई. तिला हिरवी खोली लागते."

"मागच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, वली समुद्रावर असतात, वाळवंटात असतात, मुंगीच्या वारुळात असतात. एक चहाचं दुकानच त्यांना वर्ज्य आहे?"

कोणीतरी फिसकन हसलं. हाज मबरूक म्हणाले, "माझ्या दुकानात दारू विकली जात नाही, अम्मार. वलींना यायला हरकत नसावी. भर बरणी."

आता नाही म्हणता येईना. त्यांनी "मी कोण? मी झाडू" म्हणत बरणी भरली, फुंकर मारली, वरून कुलूप लावल्यासारखं झाकण आवळलं.

उल्फाने तिची भरली. झाकण सैलसर ठेवलं, वर फीत चिकटवली आणि ती बरणी सगळ्यांसमोर कुकरमध्ये ठेवली. भिंगरीने जोर धरल्यावर पाऊण तास आम्ही ज्योत बारीक ठेवून उभ्या राहिलो. मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू दिला. घाई केली असती तर सूप उफाळून बाहेर आलं असतं. लोक कंटाळून निघून जातील असं मला वाटलं होतं. एकही माणूस हलला नाही.

उल्फाने बरणी बाहेर काढली, हाताला फडकं गुंडाळून झाकण घट्ट केलं आणि वर धरली.

फितीवर काळ्या रेघा होत्या.

"या अल्लाह," हाज मबरूक म्हणाले. "वली कुकरमध्ये शिरले की काय?"

अंगणात हशा पिकला. सी अम्मारांचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण उघड्या डोळ्यांनी दिसला. "चेटूक!" ते ओरडले. "बघा, तीच चेटकीण! वलींची सही चोरली तिनं!" आणि खरं सांगते, काही लोकांनी माना डोलावल्या. डोळ्यांनी पाहिलेलंही माणूस किती पटकन नाकारतो!

पण दुकानातलं कपाट कोणालाच नाकारता आलं नाही. गाव चहा प्यायला कमी आणि बरण्या बघायला जास्त येऊ लागलं. तिसऱ्या दिवशी सी अम्मारांची बरणी धुरकट झाली. मग तिच्यात बुडबुडे आले. मग एका दुपारी झाकण सुटलं, आणि हाज मबरूकांना दुकानाबाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. शेजारी उल्फाची बरणी सोनेरी होती, तिच्या तळाशी ठेवलेलं वर्तमानपत्र काचेतून वाचता येत होतं.

लोकांनी सी अम्मारांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, "मला यातलं काय कळतं? सगळं त्या हॉस्पिटलवाल्यानं केलं. त्यानं मलाच फसवलं!" ते पुढे सासुरवाडीला, स्फाक्सकडे निघून गेले. शुक्री आठवडाभर खिडक्या लावून घरात बसला. मग त्याने दूरच्या हॉस्पिटलात बदली मागून घेतली. उल्फाला त्याने निरोप पाठवला. तिने तो आणणाऱ्याला चहा दिला, निरोप ऐकला नाही.

आई आणि रिधा तिला न्यायला गेले. आईने खजुराची पेटी नेली होती. मुफीदा मावशीच्या ओसरीवर आई उल्फाचे हात धरून रडली. "माझी चूक झाली गं पोरी. बरणी खोटी होती. तुझ्यात काही नव्हतं, आता सगळ्या गावाला कळलं."

उल्फाने हात सोडवून घेतले नाहीत. तिने फक्त रिधाकडे पाहिलं.

"बरणी खोटी ठरली म्हणून आलात," ती म्हणाली. "मला तो खण उघडायची बुद्धी झाली नसती तर? ती फीत मला सापडलीच नसती, तर मी कोण होते? सात वर्षं मी तुमच्या घरात रांधलं, तुमच्या आजारपणात उशाशी बसले. ते सगळं एका बाजूला आणि वाटीभर सूप एका बाजूला, आणि सूप जड झालं."

रिधाने खजुराची पेटी ओसरीवरच ठेवली. तो परत आला, आणि पुढच्या आठवड्यात एकटाच गेला, त्याच्या पुढच्याही. थंडी सुरू झाल्यावर उल्फा घरी परतली, ती डॉक्टरीणबाईंची तारीख ठरवूनच. "आता मुलासाठी मी फक्त डॉक्टरकडे जाईन," ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "मी सोबत येते." ते दोघींचं जमेल की नाही मला माहीत नाही. पण पुढे तिला दिवस राहिले, टाका घातला आहे आणि सातवा महिना चालू आहे.

आता वर्गात मी मुलांना तो कुकर दाखवते. सांगते, पाणी नुसतं उकळलं तर एका मर्यादेपुढे तापत नाही, आणि त्या उष्णतेला दाद न देणारे चिवट जंतू सुपात जिवंत उरतात. झाकण आवळून वाफ कोंडली की ती त्या मर्यादेपलीकडे तापते आणि तेही मरतात. मग बाहेरून नवा जंतू आत शिरला नाही, तर सूप नासत नाही. भरणारा हात संताचा असो, चोराचा असो, नाहीतर दोन गर्भ गमावलेल्या बाईचा असो. जंतूला माणसाचं मन वाचता येत नाही.

मुलं हे पटकन समजतात. मोठ्यांकडे मात्र माझं एकच मागणं आहे. उद्या तुमच्या दारात कोणी चमत्कार घेऊन आला, तर तुम्हाला त्याची युक्ती कळेलच असं नाही. मलाही कळली नव्हती. पण युक्ती कळली नाही म्हणून तो खरा ठरत नाही. आमच्या समोर, आमच्या भांड्यात, आमच्या कुलपात पुन्हा करून दाखव, एवढं त्याला म्हणा. आणि तोपर्यंत आपल्या माणसाला घराबाहेर काढू नका.